एका कॅबिनेटमधले तीन संसार

माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचं झाकण काढलं की आत आठ डिस्क दिसतात. खालच्या कप्प्यात साडेतीन इंची चार जाडजूड हार्ड डिस्क एकीवर एक रचलेल्या. मदरबोर्डमागच्या पत्र्याला अडीच इंची दोन पातळ एसएसडी स्क्रूने बसवलेल्या. आणि खुद्द मदरबोर्डवर, बोटभर लांबीच्या दोन एनव्हीएमई. मशीन चालू केलं की मात्र पडद्यावर तीनच डिस्क येतात: एक ५०० जीबीची, एक २ टीबीची आणि एक १६ टीबीची.

हे मशीन मी सुटे भाग आणून पुण्यात घरी जोडलं. निमित्त होतं गडकिल्ल्यांच्या चित्रीकरणाचं. ४के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने होत असेल, तर एका तासाला ४५ जीबी जागा लागते. एका पावसाळ्यात वीसेक तास चित्रण झालं की ९०० जीबी संपले. एवढं सगळं एका डिस्कवर ठेवायचं, आणि ती डिस्क एखाद्या दिवशी टकटक आवाज करून बंद पडायची, ही कल्पना सहन होण्यासारखी नव्हती. म्हणून मी रेडच्या वाटेला गेलो. एकाहून जास्त डिस्क एकत्र बांधून त्यांची एक डिस्क करण्याच्या पद्धतीला रेड म्हणतात, आणि अशा बांधलेल्या जुडीला अ‍ॅरे.

मशीन बघायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आठही डिस्क बांधून एकच मोठी अ‍ॅरे का नाही केली? माझं उत्तर असं, की घरातलं सगळं आपण एकाच कोठीत ठेवत नाही. वर्षाचं धान्य कणगीत असतं, रोजचं पीठ ओट्यावरच्या डब्यात, आणि दागिने कपाटाच्या आतल्या खणात. कणगीत दागिने ठेवत नाही, आणि पिठाच्या डब्याला कुलूपही लावत नाही. कशाचं किती नुकसान सोसेल आणि काय किती वेळा हाताशी लागेल, यावर प्रत्येकाची जागा ठरते. डिस्कचंही असंच आहे. आधी नुकसान ठरवायचं, मग डिस्क विकत घ्यायच्या. बहुतेक जण हे उलटं करतात आणि तिथेच फसतात.

रेड या शब्दाचा धाडीशी काही संबंध नाही. ‘स्वस्त डिस्कची, जादा नोंद ठेवणारी जुडी’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं आहेत. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी १९८८ साली शिकागोच्या परिषदेत मांडलेल्या निबंधात तो पहिल्यांदा ठळकपणे आला. त्या काळी मोठ्या कंपन्या आयबीएमची कपाटाएवढी, अतिशय महाग डिस्क वापरत. दुसरीकडे, घरगुती कॉम्प्युटरसाठी १०० एमबीच्या छोट्या, स्वस्त डिस्क बाजारात येऊ लागल्या होत्या. या तिघांचं म्हणणं असं, की एका अवाढव्य डिस्कऐवजी अशा अनेक छोट्या डिस्क जोडा. वेग वाढेल आणि खर्च उतरेल.

पण त्याच निबंधात त्यांनी एक हिशेब मांडला होता, आणि मला निबंधाचा तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. एका डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं, म्हणजे तीन वर्षांहून थोडं जास्त, तर अशा १०० डिस्क जोडल्यावर त्यांतली कुठली तरी एक बंद पडायला सरासरी ३०० तासच लागतील. म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाहीत. डिस्क जितक्या जास्त, तितका बिघाड जवळ. म्हणून नुसत्या डिस्क जोडून भागत नाही. एक गेली तरी तिच्यावरचं पुन्हा उभं करता येईल अशी जादा नोंद ठेवावी लागते. पुढे डिस्क सगळ्याच स्वस्त झाल्या. मग उत्पादकांनी नावातला ‘स्वस्त’ काढला आणि त्याच आद्याक्षराचा ‘स्वतंत्र’ हा शब्द बसवला. माझ्या मते मूळचा शब्दच खरा होता.

ही जादा नोंद कशी ठेवतात, ते समजायला शाळेचं गणित पुरतं. तीन डिस्क घ्या. पहिलीवर ४ लिहिले, दुसरीवर ७, आणि तिसरीवर त्यांची बेरीज ११. आता कुठलीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या दोघींवरून तिच्यावरचा आकडा काढता येतो: ७ गेले तर ११ वजा ४. रेड ५ ती हीच. बेरजेच्या या आकड्याला पॅरिटी म्हणतात. प्रत्यक्षात कॉम्प्युटर शून्य आणि एक यांच्यावर ‘एक्सॉर’ नावाची क्रिया करतो, आणि पॅरिटी एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर आळीपाळीने वाटतो. पण मर्म बेरीज-वजाबाकीचंच.

आता दोन डिस्क एकदम गेल्या तर? एका समीकरणातून दोन अज्ञात आकडे निघत नाहीत. मग दुसरं समीकरण ठेवायचं. चौथी डिस्क घ्या आणि तिच्यावर पहिल्या आकड्याची एक पट अधिक दुसऱ्याची दोन पट लिहा: ४ अधिक १४, म्हणजे १८. समजा, ४ आणि ७ असलेल्या दोन्ही डिस्क गेल्या. हातात उरलं ११ आणि १८. दोन आकड्यांची बेरीज ११, आणि पहिला अधिक दुसऱ्याची दुप्पट १८. वजाबाकी केली की दुसरा ७, आणि मग पहिला ४. दहावीला सोडवलेली एकसामयिक समीकरणं ती हीच. चारांपैकी कुठल्याही दोन गेल्या तरी हिशेब जुळतो. ही रेड ६. खऱ्या डिस्कवर ही दुसरी पॅरिटी एव्हारिस्त गाल्वा या फ्रेंच गणितीच्या बीजगणितावर चालते. १८३२ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, द्वंद्वात झालेल्या जखमेने तो गेला. त्याचं गणित आज माझ्या कॅबिनेटच्या खालच्या कप्प्यात रात्रंदिवस राबतं आहे.

उरलेले दोन प्रकार चटकन सांगता येतात. रेड १ म्हणजे आरसा: जे एकीवर लिहिलं ते तसंच दुसरीवर. रेड ० म्हणजे वाटणी: फाइलचे तुकडे करून एक इकडे, एक तिकडे. वेग दुप्पट आणि जागा पूर्ण मिळते, पण जादा नोंद शून्य. एक डिस्क गेली की दोन्हींवरचं गेलं. नावातलं शून्य हे तिच्या सुरक्षिततेचं माप समजावं.

माझ्या मशीनमध्ये यांतल्या तीन पद्धती तीन जागी आहेत.

पहिली अ‍ॅरे दोन एसएसडींचा आरसा. इथे ऑपरेटिंग सिस्टीम, सगळी सॉफ्टवेअर आणि संकलनाच्या प्रकल्पांच्या फाइल राहतात. या फाइल आकाराने लहान असतात. कुठला तुकडा कुठे कापला, कुठे आवाज जोडला याची ती नोंदवही. चित्रण पुन्हा कॉपी करता येतं, महिनाभराच्या संकलनाचे निर्णय पुन्हा घेता येत नाहीत. शिवाय सिस्टीमची डिस्क मध्येच गेली तर सगळं परत बसवण्यात दोन दिवस जातात. आरशामुळे एक एसएसडी गेली तरी काम त्याच मिनिटाला पुढे चालू राहतं. मात्र इथे एक गोम आहे. मशीन ज्या छोट्या भागावरून सुरू होतं, तो ईएफआयचा भाग अ‍ॅरेच्या बाहेर असतो, आणि अनेकदा तो पहिल्या डिस्कवरच तयार होतो. आरसा व्यवस्थित असतो, पण पहिली डिस्क गेली की मशीन सुरूच होत नाही. म्हणून तो भाग दुसऱ्या डिस्कवरही स्वतः बनवून ठेवावा लागतो, आणि पहिलीची केबल काढून मशीन खरोखर सुरू होतं का, हे बघावं लागतं. मी ते बघितलं. पहिल्या खेपेला सुरू झालं नव्हतं.

दुसरी अ‍ॅरे दोन एनव्हीएमईंची, रेड ०. संकलन करताना सॉफ्टवेअर जे तात्पुरतं साहित्य तयार करतं, म्हणजे हलक्या आवृत्त्या आणि अर्धवट रेंडर, ते सगळं इथे. हे सगळं पुन्हा तयार करता येतं. उद्या ही अ‍ॅरे उडाली तर माझं एका संध्याकाळचं नुकसान होईल, त्याहून जास्त नाही. म्हणूनच इथे रेड ० ला मी जागा दिली. एखादी डिस्क वर्षभरात जाण्याची शक्यता शंभरात दोन धरली, तर दोन डिस्कच्या रेड ० मध्ये ती शंभरात जवळजवळ चार होते, आणि चार डिस्कच्या रेड ० मध्ये पावणेआठ. हे आकडे समोर ठेवून कोणी मूळ चित्रण रेड ० वर ठेवत असेल, तर त्याला मी हात जोडून थांबवीन.

वेगाबद्दलही खरं सांगायला हवं. पीसीआयई ३.० ची एक चांगली एनव्हीएमई सेकंदाला साडेतीन हजार एमबीपर्यंत वाचते. दोन जोडल्या की सात हजार मिळतील असं वाटतं. पण दोन्ही जागा मदरबोर्डच्या चिपसेटमधून येत असतील, तर चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यातला रस्ता दोघींना मिळून एकच असतो. माझ्या पिढीच्या बोर्डवर तो सेकंदाला चार हजार एमबीच्या आतबाहेर आहे. दोन नळ लावले तरी टाकीतून येणारा पाइप एकच. ज्याचं काम एका एनव्हीएमईच्या वेगात भागतं, त्याने दुसरी आणून रेड ० करण्यात पैसा घालवू नये.

तिसरी अ‍ॅरे म्हणजे कणगी. ८ टीबीच्या चार हार्ड डिस्क, रेड ६. एकूण ३२ टीबीपैकी वापरायला १६ मिळतात. अर्धी जागा नोंदीत जाते. इथे कोणी विचारेल, अर्धी जागा घालवायचीच तर रेड १० का नाही? म्हणजे दोन-दोन डिस्कच्या दोन आरशांची वाटणी. त्यातही १६ टीबीच मिळतात आणि वेग जास्त. खरं आहे. पण मोजून बघा: चार डिस्कमधून दोन निवडण्याच्या सहा जोड्या होतात. रेड १० मध्ये त्यांतल्या चार जोड्या गेल्या तर डेटा वाचतो, आणि एकाच आरशाच्या दोन्ही बाजू असलेल्या दोन जोड्या गेल्या तर बुडतो. रेड ६ मध्ये सहाही जोड्या चालतात. लिहिण्यात रेड ६ मंद आहे, कारण एक छोटा बदल करायचा तरी जुना मजकूर आणि दोन्ही जुन्या पॅरिटी वाचाव्या लागतात, मग तिन्ही नव्याने लिहाव्या लागतात. पण कणगीत कोणी दर मिनिटाला हात घालत नाही. चित्रण एकदा आत जातं, मग महिनोन् महिने फक्त वाचलं जातं.

आणि रेड ५ का नाही? त्यात २४ टीबी मिळाले असते. याचं उत्तर मला एका रात्रीने दिलं.

चारांपैकी एका डिस्कवर खराब जागांचा आकडा वाढत चालला होता. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. ती अधूनमधून वाचायची सवय लावली तर बरेचदा आधी चाहूल लागते. मी नवी डिस्क आणली, जुनी काढली आणि अ‍ॅरेची पुनर्बांधणी सुरू केली. उरलेल्या तीन डिस्क पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत वाचायच्या आणि त्यावरून चौथी भरायची. ८ टीबी, सेकंदाला सरासरी १३० एमबी. सतरा तास लागले. त्या सतरा तासांत तीन जुन्या डिस्क, काढलेल्या डिस्कबरोबर एकाच दिवशी विकत घेतलेल्या, तेवढेच तास चाललेल्या, न थांबता सलग काम करत होत्या. रेड ५ असती तर त्या वेळात एकीनेही मान टाकली असती की सगळं गेलं असतं. घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात बरेचदा लिहिलेलं असतं, की १ वर १४ शून्यं इतके बिट वाचताना एखादी जागा न वाचता येण्याची शक्यता धरावी. तेवढे बिट म्हणजे साडेबारा टीबी. प्रत्यक्षात डिस्क त्याहून बऱ्याच चांगल्या वागतात. पण ८ टीबीच्या तीन डिस्क पूर्ण वाचायच्या म्हणजे २४ टीबी वाचायचे, हे लक्षात घेतलं की दुसरी पॅरिटी चैन वाटत नाही.

गार्थ गिब्सन, म्हणजे १९८८ च्या त्या तिघांपैकी एक, १९ वर्षांनी पुन्हा याच प्रश्नाकडे वळले. २००७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात बियांका श्रोडर आणि त्यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या बदलीच्या नोंदी तपासल्या. माहितीपत्रकांनुसार वर्षाला शंभरात एकही डिस्क जायला नको होती. प्रत्यक्षात दोन ते चार सर्रास जात होत्या, आणि एखाद्या ठिकाणी तेरापर्यंत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र नव्हते. एक बदलावी लागली की लवकरच दुसरी बदलावी लागण्याकडे कल दिसला. आम्हाला व्यवहारात जे दिसतं तेच हे. एका खोक्यातल्या, एका दिवशी बनलेल्या डिस्क थकतातही एकाच सुमाराला. म्हणून चारही डिस्क एकाच दुकानातून एकाच वेळी उचलू नका. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर गेलात तर दोन एका दुकानातून घ्या, दोन दुसरीकडून, आणि वरच्या चिठ्ठीवरची निर्मितीची तारीख वाचून घ्या.

चिठ्ठी वाचताना आणखी एक गोष्ट बघायची. काही हार्ड डिस्कमध्ये लिखाणाचे मार्ग कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. या प्रकाराला एसएमआर म्हणतात. जागा जास्त मिळते, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची सगळी उचलावी लागतात. पुनर्बांधणीच्या सलग माऱ्यात अशी डिस्क इतकी मंदावते, की अ‍ॅरे तिला मेलेली समजून बाहेर काढू शकते. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या, खास अशा अ‍ॅरेंसाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (इथे अर्थ लाल) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, तेव्हा जगभर ओरड झाली आणि कंपनीला मालिका वेगळ्या करून कोणती कुठल्या प्रकारची ते जाहीर करावं लागलं. अ‍ॅरेसाठी सीएमआर, म्हणजे मार्ग एकमेकांवर न चढवलेल्या प्रकारचीच डिस्क घ्यावी.

डिस्क कोणी बांधायच्या, हाही मोठा प्रश्न आहे. तीन वाटा आहेत. मदरबोर्डच्या बायोसमध्ये रेडची सोय असते. वेगळं रेड कार्ड मिळतं. आणि ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः हे काम करू शकते. बायोसची वाट सोपी दिसते, म्हणून नवखे तिकडे वळतात. मीही आधीच्या मशीनमध्ये तीच धरली होती. पाच-सहा वर्षांनी बोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला, बायोसच्या सगळ्या सेटिंग मूळपदावर गेल्या, रेड बंद झाली, आणि पडद्यावर अ‍ॅरेच्या जागी अनोळखी सुट्या डिस्क दिसू लागल्या. वर सिस्टीम विचारत होती, या डिस्क फॉरमॅट करू का? तिथे ‘हो’ दाबलं असतं तर दहा वर्षांचे फोटो गेले असते. सेल बदलून बायोसमध्ये रेड पुन्हा चालू केल्यावर अ‍ॅरे जशीच्या तशी परत आली, कारण तिची नोंद डिस्कवरच असते. अशा वेळी काहीही दाबण्याआधी मशीन बंद करून शांतपणे विचार करावा.

वेगळं रेड कार्ड चांगलं असतं, पण ते जळालं तर बहुधा त्याच घराण्यातलं दुसरं शोधावं लागतं. म्हणून घरगुती मशीनसाठी माझा कौल सॉफ्टवेअर रेडला आहे. लिनक्सवरच्या एमडी-अ‍ॅडमने बांधलेल्या डिस्क उद्या दुसऱ्या कुठल्याही बोर्डवर लावल्या, कुठल्याही क्रमाने लावल्या, तरी लिनक्स त्यांना ओळखून जोडतं. झेडएफएस ही सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेली पद्धत आणखी पुढे जाते. प्रत्येक तुकड्याबरोबर ती त्याची पडताळणीही ठेवते. साध्या आरशात दोन्ही बाजूंना वेगवेगळं लिहिलेलं सापडलं, तर खरं कोणतं हे आरशाला सांगता येत नाही. झेडएफएसला सांगता येतं.

आता केबलींकडे. मदरबोर्डवर डिस्कच्या केबलींसाठी सहा साटा पोर्ट होते आणि मला सहाच हवे होते: दोन एसएसडी, चार हार्ड डिस्क. हिशेब चोख वाटला. सगळं जोडलं, तर दोन हार्ड डिस्क दिसेनात. एक अख्खी संध्याकाळ केबली बदलण्यात गेली. शेवटी पुस्तिकेतल्या एका छोट्या तक्त्यात सापडलं, की दुसऱ्या जागेत एनव्हीएमई बसवली की पाचवा आणि सहावा साटा पोर्ट बंद होतो. अनेक बोर्डांवर असं असतं. मग जादा पोर्ट देणारं एचबीए कार्ड आणावं लागलं. सर्व्हरमधून निघालेली अशी जुनी कार्डं मिळतात. घेताना ते ‘आयटी मोड’मध्ये आहे का, एवढं विचारा, म्हणजे ते रेडच्या फंदात न पडता डिस्क जशा आहेत तशा सिस्टीमच्या हाती देतं.

मशीनला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या बाबतीत मात्र चूक म्हणजे थेट डिस्कचा जीव. मोठी हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते; चार एकदम सुरू झाल्या की सुमारे शंभर वॉट. एवढी ताकद बाजूला धरूनच एसएमपीएस निवडावा. त्याच्या सुट्या केबली दुसऱ्या एसएमपीएसला लावू नयेत, एकाच कंपनीचा असला तरी खात्री केल्याशिवाय लावू नयेत. प्लग बसतो, पण आतली तारांची मांडणी वेगळी असू शकते, आणि मग बटण दाबल्याबरोबर सगळ्या डिस्क एकदम जळतात. तिथे दोन पॅरिटी काय, दहा असत्या तरी उपयोग नाही. तसंच जुन्या मोलेक्स प्लगवरून साटा काढणारे, ओतीव प्लास्टिकचे स्वस्त अडॅप्टर वापरू नका. आत तारा एकमेकींना टेकून ते पेटल्याची उदाहरणं आहेत.

वीज अचानक गेली तर पॅरिटीच्या अ‍ॅरेत एक खास धोका असतो. मजकूर लिहून झाला, पॅरिटी लिहायची राहिली, आणि तेवढ्यात अंधार. आता बेरीज चुकीची, आणि ती चुकीची आहे हे कदाचित पुनर्बांधणीच्या दिवशीच कळणार. म्हणून यूपीएस हवाच. तो यूएसबीने मशीनला जोडा, म्हणजे बॅटरी उतरू लागली की मशीन स्वतःहून व्यवस्थित बंद होतं. दिवे-पंख्यांच्या इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका.

अ‍ॅरेत एक डिस्क गेली की बहुधा इशाऱ्याचा आवाज होत नाही, दिवा लागत नाही, काम थांबत नाही. रेडचं जे कौतुक, तोच तिचा मोठा धोका आहे. आरशाची एक बाजू कधीच गेलेली, मालकाला पत्ता नाही, आणि वर्षभराने दुसरी गेल्यावर तो म्हणतो, रेड असूनही डेटा गेला. म्हणून बिघाड होताच मोबाइलवर ईमेल येईल अशी सोय पहिल्याच दिवशी करा आणि खोटा बिघाड करून ती ईमेल येते का तपासा. महिन्यातून एकदा सगळी अ‍ॅरे वाचून तपासणीही व्हायला हवी. डेबियन आणि उबंटूवर एमडी-अ‍ॅडम ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपणहून करतं. त्या दिवशी कॅबिनेटमधून डिस्कची घरघर ऐकू येते, आणि मला ती बरी वाटते.

एवढं करूनही रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फाइल पुसली तर आरशाच्या दोन्ही बाजूंवरून ती त्याच क्षणी पुसली जाते. १९९८ साली पिक्सारमध्ये ‘टॉय स्टोरी २’ च्या बऱ्याचशा फाइल एका चुकीच्या आदेशाने पुसल्या गेल्या, आणि बॅकअप नीट चालत नव्हता हे तेव्हा समजलं. चित्रपट वाचला तो तिथेच काम करणाऱ्या गॅलिन सूसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती म्हणून. बाळंतपणामुळे त्या घरून काम करत होत्या. माझ्या कणगीतल्या मूळ चित्रणाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर कपाटात आहे आणि एक दुसऱ्या गावी, बहिणीकडे. अ‍ॅरे गेली तर काम थांबू नये म्हणून रेड; घर जळालं तरी चित्रण राहावं म्हणून बहिणीचं घर.

नवी अ‍ॅरे बांधलीत, तर तिच्यात काही भरण्याआधी एक दिवस तिच्यासाठी राखून ठेवा. रिकाम्या अ‍ॅरेत दोन-चार बिनमहत्त्वाच्या फाइल टाका, मशीन बंद करा, एका डिस्कची केबल काढा, पुन्हा चालू करा. फाइल उघडतात का बघा. ईमेल आली का बघा. मग ती डिस्क परत लावून पुनर्बांधणी करा आणि किती तास लागले ते लिहून ठेवा. आणि प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक मोठ्या अक्षरात कागदावर लिहून तो कागद कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा, कुठली डिस्क कुठल्या कप्प्यात आहे त्यासकट. बिघाडाच्या रात्री बरेचदा डेटा जातो तो बिघडलेल्या डिस्कऐवजी शेजारची चांगली डिस्क उपसल्यामुळे.